श्रुतिकाचं जॅकेट आणि मी शिवलेला चोरकप्पा

३० नोव्हेंबर, रविवार

सगळ्यांच्या आधी टपकला तो भीमराज. दारातून आत आला तोच टक् टक् टक्, वरातीतल्या घोड्यासारखा. मी म्हटलं, "अरे बाबा, बुटांना नाल ठोकलेत की काय?" तर म्हणतो, "हो आजी, पॅडलमध्ये अडकवायला." पायात नाल! चहाचं आधण ठेवायचं सोडून मी त्याचे बूटच बघत बसले. त्याच्यामागून शर्मिष्ठा आली. बाई माझ्या सुनेहून मोठी, केस पिकलेले, दातांची डॉक्टर, आणि घातलेली काय तर अंगाला चिकटलेली अर्धी चड्डी. आमची सून लता स्वयंपाकघरातून डोकावली आणि तशीच मागे गेली. मीही आधी मान वळवली. मग म्हटलं, आता घरात आलीच आहे तर बघून घ्यावं. गुडघे माझ्यापेक्षा पुष्कळ बरे आहेत तिचे.

ही दोघं आमच्या श्रुतिकाच्या सायकलवाल्या टोळीतली. श्रुतिका माझी नात. रविवारी पहाटे इथून मुलुंडहून येऊरला जातात, घाम गाळतात, परत येऊन मिसळ हाणतात. मग घाम कशाला गाळला ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आज आली होती सुबोधला पटवायला. सुबोध माझा मुलगा, श्रुतिकाचा बाप. मरोळला प्लास्टिकच्या पिशव्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. टोळी नाताळात निघालीय शिमल्याहून कल्पाला. सायकलने. बर्फात! मी ऐकलं आणि माझ्या हातातली बशी कलली. इथे पंखा एकवर आणला की आम्ही माकडटोप्या शोधतो, आणि ही पोर बर्फात जाणार! पण खरं सांगते (इथे खरं लिहायला कोण अडवतंय), आतून मला उकळ्या फुटत होत्या. आमच्या घरातली बाई मुलुंड सोडून गेली तर ती फार तर गावाला, सावंतवाडीकडे, तेही कुणी वारलं किंवा कुणाचं जमलं म्हणून.

सुबोध काही हलेना. नवरात्रात श्रुतिका माळशेजला भिजली, दिवसभर तसल्याच ओल्या कपड्यांत सायकल हाणत आली आणि न्युमोनियाने आडवी झाली. तो विषय निघाला की घरात कुणी बोलत नाही. शर्मिष्ठा मात्र बोलली. म्हणाली, "तेव्हा तिच्याकडे धड जॅकेटच नव्हतं सुबोध. थंडीने आजारी नाही पडली ती, भिजल्यामुळे पडली."

मग सुबोधने अट घातली. जॅकेट असं आणायचं की पाण्याचा एक थेंब आत येणार नाही. पुढच्या रविवारी तो स्वतः बाथरूममध्ये शॉवरखाली धरून बघणार. थेंब आला तर जाणं रद्द, परत विषय काढायचा नाही.

"डन!" म्हणाली श्रुतिका आणि बापाच्या हातावर टाळी दिली. त्याने हात मागे घेतला नाही, पण मिटलाही नाही.

३ डिसेंबर, बुधवार

जॅकेट घ्यायला मलाही नेलं, घाटकोपरला. दुकानात नुसत्या सायकली उलट्या टांगलेल्या, खाटकाकडे बकरे टांगतात तशा.

मला पहिल्याच नजरेला एक आवडलं. लालभडक, जाड, गादीसारखं गुबगुबीत. हात घातला तर कोपरापर्यंत ऊब. मी म्हटलं, "हेच घे. अहो, बांधा हो." तर श्रुतिका हसायला लागली. "आजी, हे घालून चढ चढले तर आतल्या आत शिजेन मी. घामाने आतून भिजायचं, मग थांबलं की तोच घाम गार पडतो. माळशेजला अर्धी मी घामानेच भिजले होते." हे मला नवीनच. पाऊस बाहेरून येतो एवढंच मला ठाऊक.

मग दुकानदाराने दुसरं काढलं. काळपट निळं. दोन पदरांचं, म्हणजे आत एक पातळ उबदार, मऊ, आणि बाहेर दुसरं पाणी अडवणारं. हवं तर वेगवेगळं घालायचं. बाहेरचं बघून तर मी कपाळावर हात मारला. मागून लांब, पुढून आखूड! बाह्या बोटांच्या खाली लोंबणाऱ्या! मी दुकानदाराला म्हटलं, "शिंप्याने कापड वाया घालवलं हो तुमच्या." तो म्हणाला, "आजी, वाकून दाखवा, सायकल चालवल्यासारखं." भर दुकानात मी वाकले, हात पुढे धरले. खरंच की! वाकलं की पाठ उघडी पडते आणि मनगटं बाहेर येतात. म्हणून ते तसं कापलेलं. आणि ऐका, काखेत चेन! दोन्ही काखांत! चढ आला की उघडायची, वारा आत, घाम बाहेर. जन्मात कुणी काखेत चेन लावलेली मी बघितली नव्हती. गावाला आम्ही शेतात इरलं घेऊन वाकायचो, त्याला कुठली काख आणि कुठली चेन.

आतून त्याने प्रत्येक शिवणीवर चिकटवलेली पट्टी दाखवली. "हीच खरी गंमत," म्हणाला. मला कळलं, पोरीच्या अंगाला दोरा टोचू नये म्हणून. चांगलं काम केलंय, म्हटलं.

किंमत मी इथे लिहीत नाही. श्रुतिकाने स्वतःच्या पगारातून भरली आणि मी नुसतं पाणी प्यायले.

घरी आल्यावर जॅकेटच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं. नवं कापड तसंच कोरं घालू नये.

५ डिसेंबर, शुक्रवार

श्रुतिका ऑफिसला गेली तेव्हा मी जॅकेट काढून नीट बघितलं. एवढं महागाचं, पण बाईमाणसाने आपलं नडीअडचणीचं ठेवायचं कुठे? बाहेर खिसे आहेत, पण बाहेरचे खिसे म्हणजे चोराला आमंत्रण. मी लग्न होऊन मुंबईला आले तेव्हा माझ्या आईने पोलक्याला आतून चोरकप्पा शिवून दिला होता. माझी बहीण जोगेश्वरीला दिली तेव्हा तिलाही. घराबाहेर पडणाऱ्या पोरीला कप्पा शिवून द्यायचा, हे आमच्यात घरच्या बाईचं काम. लताला ते जमत नाही. मग उरले मी.

बाहेरच्या जॅकेटाला अस्तर वेगळं नाहीच, आत-बाहेर एकच कापड. नुसतं वरवर टाके घातले असते तर उसवलं असतं. म्हणून मोठी सुई घेतली, गोधडीची, आणि दुहेरी दोरा. डाव्या छातीवर, आतून, चौकोनी कप्पा. टाके चांगले आरपार घेतले. कापड मेलं चिवट, अंगठ्याला टोचून घेतलं दोनदा. बाहेरून मुळीच दिसत नाही, दोरा त्याच रंगाचा शोधला होता मी. एक बाजू तिरकी गेल्यासारखी वाटली म्हणून उसवून परत शिवली.

आत ठेवलं काय? आमच्या रवळनाथाच्या अंगाऱ्याची पुडी, प्लास्टिकमध्ये नाही, साध्या कागदात, देवाचं आहे ते. आणि घरचा नंबर लिहिलेला कागद. म्हणाल मोबाइल आहे की. मोबाइल बर्फात पडला तर?

कुणाला सांगितलं नाही. निघताना सांगणार. तिचं तोंड बघायचंय मला तेव्हा.

७ डिसेंबर, रविवार

वाट लागली.

सुबोधने ते बाहेरचं जॅकेट हँगरला लावून शॉवरखाली टांगलं, आत टिपकागदासारखा कोरडा टॉवेल भरला. आम्ही सगळे दारात. श्रुतिका तर मोबाइलवर शूटिंग करत होती, टोळीला दाखवायला. पाणी वरून घरंगळत होतं, कमळाच्या पानावरून जावं तसं. मी टाळ्या वाजवणार तेवढ्यात त्याने नळ बंद करून टॉवेल बाहेर काढला.

टॉवेल ओला! छातीजवळ हा एवढा डाग, पसरत चाललेला.

श्रुतिकाचा मोबाइल खाली आला. "असं कसं? पप्पा, असं कसं होईल? वॉटरप्रूफ आहे ते!"

सुबोधने आमच्याकडे पाठ करून जॅकेट उलटं केलं, आत हात घालून चाचपलं, अंगठा फिरवला, परत तिथेच फिरवला. बिचारा. त्यालाही वाईट वाटलं असणार. मग त्याने ते परत सुलटं करून दांडीवर टाकलं आणि म्हणाला, "थेंब आला. बोलणं झालं होतं आपलं."

बस. एवढंच. रागावला पण नाही.

श्रुतिकाने भीमराजला फोन लावला आणि असं काही सोडलं त्याच्यावर की मी कान झाकले. "तू सांगितलेलं दुकान! तू म्हणालास झकास माल आहे! तुझ्या नादी लागून माझं सगळं गेलं, कळतंय का तुला?" तो पलीकडून काहीतरी बोलत होता, हिने ऐकलंच नाही.

त्या दुकानदाराने आम्हाला चक्क फसवलं. आणि मी त्याच्यासमोर वाकून दाखवलं!

८ डिसेंबर, सोमवार

पोर जेवली नाही. ऑफिसला गेली ती सायकल न घेता, रिक्षाने. सायकल गॅलरीत आहे, मी फडक्याने पुसली.

१० डिसेंबर, बुधवार

आज देव पुसताना देवघरात अंगाऱ्याची एक पुडी सापडली. कागद सुरकुतलेला, भिजून वाळल्यासारखा. मी कपाटातून दोन काढल्या होत्या की काय, आठवेना. वय झालं. लताला विचारलं तर म्हणते, "आई, मी तुमच्या देवघराला हात लावते का कधी?" हे तिचं खरं आहे.

सुबोध दोन दिवस घरात फार गोड वागतोय. श्रुतिकासाठी मरोळहून खाजा घेऊन आला. तिने डबा उघडला नाही. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला, मग बंद केला, मग मला म्हणाला, "आई, मी चूक केली का गं?" मी म्हटलं, "तू कसली रे? चूक त्या दुकानदाराची." तर उठून आत गेला. बापाचं मन असतं हो.

१३ डिसेंबर, शनिवार

आज जे झालं ते लिहू की नको असं झालंय. पण नाही लिहिलं तर झोप येणार नाही.

संध्याकाळी भीमराज आला. बुटांची टकटक नाही, साध्या चपला. मागे शर्मिष्ठा, आज सलवार कमीज, मी ओळखलीच नाही. भीमराज श्रुतिकाला म्हणाला, "शिव्या घालायच्या तेवढ्या घाल. आधी जॅकेट बघू दे. त्याच दुकानातून पाच जणांनी घेतलंय, एकाचंही गळत नाही."

"घे, बघ. बघून काय उजेड पडणार आहे?"

आणि खरंच उजेडच पडला. भीमराजने दिवा बंद करायला सांगितला, जॅकेटच्या आत मोबाइलची बत्ती घातली. अंधारात त्या निळ्या कापडावर बारीक बारीक ठिपके दिसले. सरळ रांगेत. वर एक रांग, खाली एक, दोन बाजूंना दोन. एका बाजूला तर दुहेरी.

तो चौकोन मी ओळखला.

"ही शिवण कंपनीची नाही," भीमराज म्हणाला. "सुईची भोकं आहेत ही. म्हणून तर कंपनीवाले शिवणीवर आतून पट्टी मारतात, पाणी टाक्यांतून शिरू नये म्हणून. हा खिसा कुणी लावला?"

पट्टी त्यासाठी होती! आणि मी समजले दोरा टोचू नये म्हणून!

"मी," म्हटलं. "मीच शिवला. चोरकप्पा."

लताने दिवा लावला. सगळे माझ्याकडे बघताहेत. श्रुतिका खुर्चीत मटकन बसली. "आजी! अगं आजी!" मग तिला रडू आलं की हसू ते मला कळेना, दोन्ही आलं. "आणि मी या भीमराजला काय काय बोलले!"

"बोल बोल, अजून बोल, मला कुठे घाई आहे," तो म्हणाला.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पोरीच्या वाटेत काटा टाकला तो मी, बाहेरच्या कुणी नाही. म्हटलं निदान देवाचा अंगारा तरी बाहेर काढावा. कप्प्यात बोटं घातली. नंबरचा कागद होता, शाई पसरलेली. पुडी नाही.

"पुडी कुठे गेली?" मी मोठ्याने म्हणाले. आणि मला देवघर आठवलं. लता नाही. श्रुतिकाला तर कप्पाच ठाऊक नव्हता.

सुबोध कामावरून येऊन दारात उभा होता, पिशवी खांद्यालाच. कधीपासून उभा होता कोण जाणे.

"भिजली होती," तो म्हणाला. "म्हणून काढून देवापाशी ठेवली."

"कधी?" मी विचारलं.

"रविवारी. शॉवरनंतर लगेच."

"म्हणजे तुला कप्पा दिसला होता. टाके दिसले होते. पिशवीला टाचणीचं भोक पडलं तरी माल परत येतो तुमच्या कारखान्यात, आणि तुला कळलं नाही पाणी कुठून आलं?"

"कळलं होतं."

माझं पोर खोटं बोलत नाही, असं मी सगळ्या बिल्डिंगला सांगत आले. खोटं बोललाच नाही तो. गप्प बसला. तीच गंमत आहे. माझ्या टाक्यांच्या आड लपून बसला.

मी त्याला म्हटलं ते आधी मनात म्हणणार होते, पण तोंडातून गेलंच. "मेल्या, नको म्हणायचं तर स्वतःच्या तोंडाने म्हण. माझी सुई कशाला वापरलीस?"

तो कुणाकडे न बघता बोलला. "तिला ऑक्सिजन लावला होता तेव्हा बोटाला ते चिमट्यासारखं मशीन होतं, त्यावर आकडा. रात्रभर मी तो आकडा बघत बसलो होतो. डोळा मिटला की कमी होईल असं वाटायचं. परत नाही बसायचं मला तसं. पाणी आत आलं आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं."

श्रुतिकाने डोळे पुसले. "पप्पा, मला एवढं सांगायचंत ना. मी भांडले असते. पण मला वाटलं माझं नशीबच फुटकं."

शर्मिष्ठा जागची हलली नव्हती. म्हणाली, "सुबोध, माझा मुलगा तिच्याच वयाचा आहे. भीती मलाही वाटते. पण ती जॅकेटच्या खात्यावर घालू नका, ते बिचारं निर्दोष आहे."

मी त्याला विचारलं, "अट तुझी होती. आता ती पण बदलणार का?"

त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "नाही," म्हणाला. "अट तीच."

भीमराजने माझे टाके एकेक करून उसवले. मी बघू शकत नव्हते, तरी बघत होते. चांगले घट्ट होते हो. मग आतून जागा पुसून त्यावर स्वतःच्या दुरुस्तीच्या सामानातली तसलीच पट्टी लावली आणि वर सुती फडकं टाकून कोमट इस्त्री फिरवली. म्हणाला, उद्यापर्यंत हात लावू नका. श्रुतिकाने त्याला "सॉरी यार" म्हटलं, त्याने तिच्या ताटातली भजी उचलली. मिटलं.

१४ डिसेंबर, रविवार

सुबोधने हँगर काढला तेव्हा मी म्हटलं, "थांब. हँगरला काय कळतंय? मी घालते."

"आई, वेड लागलंय का तुला?"

"भोकं मी पाडली, भिजायचं तर मीच भिजणार. आण इकडे."

लता "अहो आई, अहो आई" करत राहिली. श्रुतिकाने मला आतलं मऊ घातलं, वरून बाहेरचं, गळ्यापर्यंत चेन, डोक्यावर टोपी. बाह्या तर हाताच्या पार खाली. मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसले, साडी गुडघ्यापर्यंत वर. शर्मिष्ठा आणि भीमराज दारात. मी म्हटलं, बघा माझे पण गुडघे.

सुबोधने आधी गीझर लावला. शर्मिष्ठा म्हणाली, "कल्पाला गीझर नसतो."

"ही माझी आई आहे!"

"आणि तिकडे तुझी पोर असणार आहे," मी म्हटलं. "गार सोड."

त्याने नळाला हात लावला, पण फिरवेना. मी वर बघितलं. एवढा बाप्या माणूस, नळ धरून नुसता उभा. मीच हात वर करून नळ फिरवला.

आई गं! पाय गार पडले, बोंबच मारली मी. पण वर! वर नुसता आवाज. माझ्या डोक्यावर, खांद्यांवर पाणी कोसळतंय आणि मी आत कोरडी, उबेत, दुसऱ्याच्या पावसात बसल्यासारखी. मी मोठमोठ्याने हसत सुटले. या वयात असं काही अंगावर येईल आणि अंगाला लागणार नाही, असं कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. सुबोध "बस, बस" म्हणत होता, मी म्हटलं अजून, अजून.

शेवटी त्यानेच बंद केला. चेन उघडली. डाव्या छातीवर हात ठेवला, मग गळ्यामागून पाठीत हात घातला, लहानपणी त्याला ताप आला की मी घालायचे तसा. चाचपत राहिला. कुठेच काही नाही. हात बाहेर काढून बोटं एकमेकांवर घासली.

श्रुतिका दाराच्या चौकटीला धरून.

सुबोध तिच्याकडे वळला. मला वाटलं आता "जा" म्हणेल. ते त्याच्या तोंडातून निघेना. म्हणाला, "आणि हातमोजे? हातमोजे बघितलेस का काही?"

श्रुतिका अशी किंचाळली की शेजारचे दार उघडून बाहेर आले.

मला टॉवेलात गुंडाळून सोफ्यावर बसवलंय, आलं घातलेला चहा दिलाय. पाय अजून बर्फ. सुबोध शर्मिष्ठाला विचारत होता, रोज संध्याकाळी कुठे पोचलात ते कळवणार का, फोन लागला नाही तर कुणाला विचारायचं. ती सांगत होती, तो मान हलवत होता. सायकल खोक्यात बांधायला दोघं परत येणार आहेत. भीमराज म्हणाला गुरुवारी दुपारी येतो. सुबोध म्हणाला, "दुपारी नको, मी कामावर असतो. शुक्रवारी सातनंतर या. बांधताना मला बघायचंय."

शुक्रवारी, एकोणीस तारखेला, सातनंतर येतो म्हणालेत.